उभी मोटार आणि मूल

मोटारीचा अपघात म्हटला की डोळ्यांपुढे येते ती धावणारी मोटार. भरधाव वेग, ओली सडक, समोरून आलेली लॉरी आणि करकचून दाबलेला ब्रेक. ही समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. आणि लहान मुलांच्या बाबतीत तिचा अपुरेपणा घातक ठरतो. धावत्या मोटारीत मूल निदान कोणा मोठ्या माणसाच्या नजरेसमोर असते. मोटार दारात थांबली, माणसे उतरली, सामान घरात गेले, म्हणजे मोठ्यांच्या लेखी प्रवास संपतो. मुलाच्या लेखी मात्र त्याच क्षणी मोटार हे खेळणे होते. त्याच्यावर नजर नसते, आणि दार नेहमीच कुलूपबंद असते असे नाही.

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांत हा प्रश्न आज विशेष विचार करण्यासारखा झाला आहे. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील खेड्यांत पूर्वी मोटार येई ती डॉक्टरांची, कंत्राटदाराची किंवा निवडणुकीच्या प्रचाराची. आता शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, दुकानदाराच्या अंगणातही ती दिसते. कोणी नवी घेतो, कोणी हैदराबाद, सोलापूर किंवा लातूर येथून जुनी आणतो. लग्नसराईत एकेका दारापुढे दहा-दहा गाड्या लागतात. मैलारचा खंडोबा, हुमनाबादचा वीरभद्रेश्वर, गाणगापूरचे दत्तस्थान, कलबुर्गीचा शरणबसवेश्वर आणि ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा, रविवारची मिस्सा, कोठेही पाहावे तर आवाराबाहेर उन्हात मोटारींची रांग उभी असते.

बैलगाडीच्या काळात घराघराला काही नियम ठाऊक होते. बैलाच्या मागून जाऊ नये, जुंपलेल्या गाडीच्या चाकाशी बसू नये, विहिरीच्या काठावर खेळू नये. हे नियम कोणी पुस्तकात लिहिले नव्हते. आजी ते नातवाला सांगे आणि नातू ते आपल्या धाकट्या भावाला. मोटार घरात आली, पण तिचे असे नियम अजून घराच्या अंगवळणी पडलेले नाहीत. वाहन नवे आहे आणि त्याच्याविषयीची शिस्त अजून यायची आहे. त्या मधल्या काळाची किंमत लहान मुले देत आहेत.

ही किंमत किती दारुण असते हे अलीकडील काही घटनांवरून कळते. १४ एप्रिल २०२५ रोजी तेलंगणातील रंगारेड्डी जिल्ह्यात, चेवेळ्ळा मंडलातील दामरगिद्दा गावी, नातेवाइकांच्या घरी आलेल्या चार व पाच वर्षांच्या दोन मुली दारात उभ्या असलेल्या मोटारीत शिरल्या. घरातील मोठी माणसे बोलण्यात गुंतली होती. मुलींचा शोध सुरू झाला तेव्हा उशीर झाला होता, दोघीही दगावल्या. हे गाव कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १८ मे रोजी, आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यात द्वारपुडी गावी चार मुलांचा तशाच रीतीने अंत झाला. नागपुरात जून २०२३ मध्ये तीन बालके एका शनिवारी खेळता खेळता नाहीशी झाली. शोधाशोध झाली आणि दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील रांढिया गावी नोव्हेंबर २०२४ मध्ये एका शेतमजूर कुटुंबातील चार भावंडे याच प्रकारे गेली. आईबाप शेतात कामाला गेले होते आणि मुले मालकाच्या मोटारीत खेळण्यास शिरली होती.

या चारही घटनांत कोणी वेगाने गाडी हाकली नाही, कोणी दारू प्यालेला नव्हता, रस्ता खराब नव्हता. मोटार जागच्या जागी उभी होती. चारांपैकी तीन घटना एप्रिल, मे आणि जून या महिन्यांतील आहेत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शाळांना सुट्टी, घरात पाहुणे, दुपारची वामकुक्षी आणि डोक्यावर तळपणारे ऊन या चार गोष्टी एकत्र येतात तेव्हा उभी मोटार सर्वांत धोकादायक होते.

असे का व्हावे, हे समजून घेणे कठीण नाही. उन्हाचा प्रकाश काचेतून सहज आत येतो. आतील काळ्या रंगाच्या बैठका व पुढची फळी तो प्रकाश शोषून घेतात, तापतात आणि घेतलेली उष्णता परत फेकू लागतात. दुपारभर तापलेली शहाबादी फरशी संध्याकाळी अनवाणी पायाला चटका देते, तोच हा प्रकार. फरक एवढाच की अंगणातील फरशीची उष्णता मोकळ्या हवेत निघून जाते. मोटारीत प्रकाश येताना अडत नाही; परत फेकलेली उष्णता मात्र काच बाहेर जाऊ देत नाही आणि तापलेल्या हवेलाही वाट मिळत नाही. मोटार अशा रीतीने एक भट्टी बनते, आणि तीही आश्चर्य वाटावे इतक्या लवकर.

या विषयावर अमेरिकेत झालेले काही प्रयोग २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या बालवैद्यकाच्या मासिकात प्रसिद्ध झाले. बाहेरचे तापमान २२ अंश सेल्सिअसपासून ३६ अंशांपर्यंत असलेल्या निरनिराळ्या दिवशी बंद मोटारीतील तापमान मोजण्यात आले. ते दर पाच मिनिटांस सरासरी पावणेदोन अंशांनी वाढत होते. एकूण वाढ सुमारे २२ अंशांची झाली आणि तिच्यापैकी ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडीशी उघडी ठेवूनही पाहिले, पण तिने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हाच हिशेब कलबुर्गीच्या मे महिन्याला लावून पाहावा. बाहेर ४० अंश असता दहा मिनिटांत मोटारीत ४३ अंशांच्या वर आणि अर्ध्या तासात ५५ अंशांच्या पुढे पारा जाईल. बीदर उंच पठारावर असल्यामुळे तेथील उन्हाळा किंचित सौम्य, असे तेथील लोक अभिमानाने म्हणतात. ते खरे आहे. पण ज्या प्रयोगात २२ अंशांच्या दिवशीही मोटार तापली, त्या प्रयोगापुढे पठाराच्या सौम्यपणाचा आधार घेता येणार नाही.

अशा घटनांचे वर्णन करताना ‘मुले गुदमरून मेली’ असे बहुधा म्हटले जाते. या शब्दामुळे एक गैरसमज होतो. श्वासापुरती हवा राहिली की काम झाले, असे वाटून काच बोटभर खाली करून पालक निश्चिंत होतात. वास्तविक मोटार पूर्णपणे हवाबंद नसते. उन्हाळ्यात हवा संपण्याच्या कितीतरी आधी उष्णता घात करते. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मुलाचे शरीर तीन ते पाच पट वेगाने तापते. त्याच्या वजनाच्या प्रमाणात त्वचेचे क्षेत्र अधिक असते, घाम कमी येतो, आणि ‘मला उकडते आहे, येथून बाहेर पडले पाहिजे’ हे ओळखण्याची समजही अपुरी असते. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले म्हणजे उष्माघात होतो. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांचे कार्य बिघडू लागते. तापलेल्या मोटारीत अगदी लहान मुलाला या अवस्थेस पोहोचण्यास तासही लागत नाही.

मग मुले दार उघडून बाहेर का येत नाहीत, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. याचे उत्तर मोटारीच्या रचनेत आहे. मागच्या दारांना मुलांसाठी म्हणून एक वेगळा खटका असतो. तो लावला की दार आतून उघडत नाही, फक्त बाहेरून उघडते. प्रवासात मुलाने दार उघडून खाली पडू नये म्हणून ही सोय केलेली असते. उभ्या मोटारीत तीच सोय त्याला कोंडून टाकते. काही गाड्यांत किल्लीवरील कळ चुकून दाबली गेली तर सर्व दारे एकदम बंद होतात. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत मध्यवर्ती कुलूप हाताने उघडता येण्याची सोय असणे आवश्यक केलेले आहे. परंतु खेड्यांत फिरणाऱ्या कित्येक गाड्या त्याआधीच्या आहेत, आणि सोय असली तरी घाबरलेल्या चार वर्षांच्या मुलाला ती सापडेल याचा भरवसा नाही. शिवाय काचा बंद असल्या की त्याचा आवाज ओसरीपर्यंत येत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या घटनांत मूल स्वतः आत शिरत नाही. मोठे माणूसच त्याला आत ठेवते. मूल झोपले आहे, बाजारात एकच वस्तू घ्यायची आहे, पाच मिनिटांत परत येऊ, असा विचार असतो. दुकानात गर्दी असते, ओळखीचे कोणी भेटते, आणि पाच मिनिटांची पंचवीस होतात. कधी तर मूल मागे आहे हेच विस्मरणात जाते. ‘आपल्या हातून असे कधी होणार नाही’ असे प्रत्येक पालकास वाटते. पण अमेरिकेत १९९८ पासून हजारांहून अधिक बालके तापलेल्या मोटारीत दगावली आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक घटना विस्मरणाच्या आहेत. ते पालक निष्काळजी किंवा निर्दय होते असे नव्हे. रोजच्या कामाच्या ओघात मन सवयीने चालते आणि नेहमीपेक्षा वेगळी असलेली एखादी गोष्ट त्यातून सुटून जाते. यास्तव स्मरणशक्तीवर विसंबून न राहता सवय लावून घेणेच शहाणपणाचे ठरते.

या सवयी थोड्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. मोटार अंगणात असो की शेतात, ती नेहमी कुलूप लावूनच ठेवावी. किल्ली मुलाच्या हाती लागेल अशा खुंटीवर टांगू नये आणि तान्ह्याला रमविण्यासाठी ती खेळायला देऊ नये. उतरताना मागचे दार उघडून एकदा आत पाहावे, मूल बरोबर असो वा नसो. मूल बरोबर असेल त्या दिवशी आपली पिशवी, फोन किंवा एक चप्पल मागच्या बैठकीवर ठेवावी, म्हणजे ती घेण्यासाठी मागे वळावेच लागते. झोपलेले मूल जागे झाले तरी चालेल, पण ते मोटारीत एकटे ठेवू नये. सावली सरकते, हे तर शेतकऱ्याच्या घरी सांगण्याचीही गरज नाही.

मुलांनाही काही शिकविले पाहिजे. मोटार हे खेळण्याचे किंवा लपंडावात लपण्याचे ठिकाण नव्हे, हे त्यांना विहिरीइतकेच निक्षून सांगावे. त्याबरोबरच कोंडले गेल्यास काय करावे तेही दाखवून द्यावे. मागच्या बैठकीवरून पुढे यावे, पुढचे दार आतून उघडून पाहावे, आणि न उघडल्यास हॉर्न दाबत राहावे. पुष्कळ मोटारींत किल्ली नसतानाही हॉर्न वाजतो. आपल्या गाडीचा वाजतो की नाही हे पालकांनी आधी पाहून ठेवावे. लाल त्रिकोणाची कळ दाबली की चारही बाजूंचे दिवे उघडझाप करू लागतात, हीही गोष्ट पाच-सहा वर्षांचे मूल हसत-खेळत शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी शाळेच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या शिक्षकाच्या मोटारीत वर्गातील प्रत्येक मुलाला हे एकदा करून पाहू दिले, तर तो धडा पुस्तकातील अनेक धड्यांपेक्षा अधिक काळ टिकेल.

मूल दिसेनासे झाले म्हणजे गावकरी प्रथम विहिरीकडे धावतात, आणि ते योग्यच आहे. आता त्या यादीत मोटारीची भर घातली पाहिजे. घरची, शेजाऱ्याची, पाहुण्याची, गॅरेजपुढे महिनोन्‌महिने पडून असलेली, अशी प्रत्येक गाडी आणि तिची डिकीसुद्धा त्याच क्षणी उघडून पाहावी. नागपूरच्या घटनेत गाडी घरापासून थोड्याच अंतरावर उभी होती, ही गोष्ट कोणीही विसरू नये.

बंद मोटारीत मूल आढळले तर मालकाची वाट पाहत बसू नये. मूल निपचित असेल तर त्याच्यापासून दूरच्या बाजूची काच फोडून त्याला बाहेर काढावे. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत किंवा काढावेत, अंगावर गार पाणी ओतावे, ओल्या कापडाने मान, काखा व जांघा पुसत राहून वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. १०८ किंवा ११२ क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. परंतु रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये. या काही मिनिटांवरच पुष्कळदा जीव अवलंबून असतो.

उभ्या मोटारीचा दुसरा धोका ती हलू लागते त्या क्षणाचा. मोटार मागे घेताना चालकाला मागच्या काचेतून जे दिसते ते बरेच दूरचे असते. तीन वर्षांचे मूल जेमतेम तीन फूट उंच असते. ते काचेच्या खालच्या कडेपेक्षाही ठेंगणे ठरते आणि आरशातही दिसत नाही. त्यातून वडील कामावर निघाले की निरोप द्यायला मूल धावत येते, म्हणजे नेमके चाकाजवळ येते. १ जुलै २०१९ नंतरच्या मोटारींना मागे अडथळा असल्यास सूचना देणारे यंत्र बसविलेले असते. जुन्या गाड्यांना, ट्रॅक्टरला आणि ट्रॉलीला ते नसते. येथे उपाय एकच. बसण्यापूर्वी वाहनाभोवती एक फेरी घालावी, आणि घरातील कोणी तरी मुलाचा हात धरून चालकाला दिसेल असे ओट्यावर उभे राहावे. ‘मूल कोठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, हा नियम घरातील सर्वांनी पाळावा.

मोटार चालू झाली म्हणजे मुलाला मांडीवर घेण्याची पद्धत आहे. आईच्या मिठीइतकी सुरक्षित जागा नाही, ही भावना किती स्वाभाविक आहे! तथापि आघाताचे गणित भावनेला जुमानत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार एकाएकी अडली तर आतील माणसाला बसणारा धक्का सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडल्यासारखा असतो. त्या क्षणी दहा किलो वजनाचे मूल दोनशे किलो किंवा त्याहूनही अधिक जोराने पुढे फेकले जाते. एवढा जोर कोणत्याही आईच्या हातांना आवरता येणार नाही. मूल पुढच्या बैठकीवर मांडीवर असेल तर ते मोठ्या माणसाच्या आणि पुढच्या फळीच्या मध्ये चिरडते. शिवाय हवेची पिशवी डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच फुगते, आणि मोठ्या माणसाला वाचविणारा तिचा तडाखा बालकाला सोसत नाही.

म्हणून मुलाची जागा मागे, आणि तीही पट्ट्याने बांधलेली असावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा त्याच्यासाठी केलेल्या खास आसनाने बांधणे आवश्यक केले आहे. तसे न केल्यास १,००० रुपये दंड आहे. लहान बाळाचे आसन मागच्या दिशेला तोंड करून बसवावयाचे असते, म्हणजे धक्का पाठीवर विभागला जातो. अशा आसनामुळे अर्भकांच्या मृत्यूंत सुमारे ७० टक्के घट होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मागे बसलेल्याला पट्ट्याची गरज नाही, हाही भ्रमच आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी दगावले. दोघेही मागच्या बैठकीवर होते आणि दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता. त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि पट्टा न बांधल्याने जीव गमावलेल्यांची संख्या १६,७१५ होती.

सीमाभागात मुलांचा प्रवास केवळ घरच्या मोटारीने होत नाही. दहा जणांच्या क्रूझरमध्ये अठरा माणसे, टमटममध्ये चालकाच्या शेजारी लटकलेली शाळकरी मुले, हे नित्याचे दृश्य आहे. तेथे प्रत्येकाला पट्टा मिळणार नाही, हे उघड आहे. पण मुलाला चालकाशेजारी किंवा दाराशी न बसविता मधल्या जागी बसवावे, भरलेल्या वाहनात कोंबण्यापेक्षा पुढच्या वाहनाची वाट पाहावी आणि उतरताना रहदारीची बाजू टाळून डाव्या बाजूने उतरवावे, इतके तर कोणासही करता येईल. उतरल्याबरोबर वाहनाच्या पुढून रस्ता ओलांडू देऊ नये. वाहन निघून गेल्यावर, दोन्ही बाजू पाहून, हात धरून ओलांडावे.

मूल स्वतःचे रक्षण करील, ही अपेक्षा मोटारीच्या बाबतीत सर्वस्वी चुकीची आहे. त्याला वेग कळत नाही, उष्णता कळत नाही, कुलूप कळत नाही. जे कळायचे ते मोठ्यांना कळले पाहिजे, आणि तेही इंजिन सुरू होण्यापूर्वी आणि बंद झाल्यानंतर. निघण्यापूर्वी वाहनाभोवती एक फेरी, प्रवासात पट्टा, उतरल्यावर मागच्या बैठकीवर एक नजर आणि शेवटी कुलूप, एवढ्या चार गोष्टींना दोन मिनिटेही लागत नाहीत. विहिरीला कठडा बांधणाऱ्या घराने मोटारीसाठी हा कठडा आता आपल्या सवयींत बांधला पाहिजे.